उणे ऐंशीच्या फ्रीजरवरची पितळी पाटी

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौपन्न, व्यवसाय दर रविवारी वर्तमानपत्रातून लोकांची उणीदुणी काढणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी शुद्ध जागेवर आहे. तसा दाखला शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यांचा अधिकार जबड्यापुरता असला तरी माझ्या बाबतीत मुख्य अवयव तोच, असं वकिलांचं मत पडलं. कोणीही मला धाक, लालूच किंवा दारू दिलेली नाही. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाले, "बहुतेक सगळे चालत घरी जातात." उरलेले कसे जातात हे मी विचारलं नाही. वकिलांना फोन केला.

कलम १. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे. ते मी दोन वर्षांपूर्वी आमच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाच्या कार्यालयात, संघाच्या चहावर आणि संघाच्याच पेनाने केलं होतं. त्यात बायकोच्या पश्चात सगळं संघाला जाणार होतं, आणि विद्यापीठातल्या नव्या सभागृहाला माझं नाव मिळणार होतं. खुर्च्यांचा रंगसुद्धा मी निवडला होता. ते का मोडतो आहे, ते कलम ५ मध्ये येईल. आधी सोपं सोपं उरकतो. लाज वाटण्याच्या गोष्टीकडे सरळ चालत जायची मला सवय नाही.

कलम २. राहते घर, आतील सर्व सामानासह, माझ्या पत्नीस मिळावे. हे वाक्य तिला वाचून दाखवलं तेव्हा ती इस्त्री करत होती. म्हणाली, "घर माझंच आहे. तू त्यात लिहायला बसतोस, एवढंच." वकिलांनी याची नोंद करायला नकार दिला, म्हणून मी केली. तिला आणखी एक गोष्ट देणं लागतो, ती म्हणजे कबुली. विद्यापीठाला देणगी द्यायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली होती, "मुलांना दे की सरळ. पाटी कशाला?" मी तिला व्यवहार समजावून सांगितला होता, चांगला अर्धा तास.

कलम ३. लिहिण्याचे टेबल, दिवा आणि सर्व पेने माझ्या भाचीस. ती लिहीत नाही, त्यामुळे टेबलाला थोडी विश्रांती मिळेल. माझ्या लेखाचा शेवटचा परिच्छेद जागेअभावी कापण्याचं काम गेली सतरा वर्षं अखंड करणाऱ्या संपादकांना ते सगळे परिच्छेद, एका खोक्यात. सलग वाचले तर लक्षात येईल की त्यांचंच बरोबर होतं. हे त्यांना मी हयात असेपर्यंत कळता कामा नये.

कलम ४. माझे जांभळे जाकीट आणि विनोदांच्या चिठ्ठ्यांची पेटी माजी विद्यार्थी संघाच्या सचिवास मिळावी.

या गृहस्थाला आम्ही कात्री म्हणतो. वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. कुठेही फीत कापायची वेळ येईल म्हणून तो खिशात कात्री बाळगतो, आणि वेळ येत नाही तिथे तो ती आणतो. माणूस वाईट नाही. त्याच्यामुळे बरीच मुलं शिकली. फक्त मूल शिकलं याची खात्री त्याला फोटोशिवाय पटत नाही.

संघाचा दरवर्षी मेळावा असतो. त्यात मदत मिळालेला प्रत्येक विद्यार्थी मंचावर येऊन तीन मिनिटांत सांगतो: मी कुठून आलो, माझ्याकडे काय नव्हतं, आणि कोणी दिलं. भाषण कात्री लिहून देतो. आवाज कुठे भरून यावा तेही समासात पेन्सिलीने दाखवलेलं असतं. अकरा वर्षं त्या मेळाव्याचं सूत्रसंचालन मी केलं, याच जाकिटात, याच चिठ्ठ्या घेऊन. एका पोराची फी माफ झाली की दुसऱ्याचं नाव पुकारायच्या आत एक विनोद, म्हणजे देणगीदारांना फार अवघडल्यासारखं होऊ नये. पोरांना काय होत होतं, ते माझ्या कामात बसत नव्हतं.

कलम ५. प्राणिशास्त्र विभागातील फ्रीजरबाबत निवेदन.

मी त्याच विभागाचा विद्यार्थी. बेडकाच्या विच्छेदनापेक्षा मास्तरांच्या नकला मला बऱ्या जमायच्या, म्हणून पास झाल्यावर मी लेखनाकडे वळलो आणि विभागाने सुटकेचा निःश्वास टाकला. देणगीदारांवर मी वीस वर्षं लिहिलं. बाकावर नाव, जिन्याच्या कठड्यावर नाव, पाण्याच्या यंत्रावर नाव. 'आमच्या विद्यापीठात बसायला जागा आहे, पण ती कोणाच्या तरी वडिलांच्या मांडीवर,' हे माझं वाक्य बरंच फिरलं होतं. मग माझ्या पुस्तकावरून मालिका निघाली, हातात पैसा आला, आणि विभागाला उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर हवा असल्याचं कात्रीने कळवलं. घरातला नव्हे. कपाटाएवढा, ज्यात संशोधकांचे नमुने वर्षानुवर्षं जसेच्या तसे गोठून राहतात.

"पाटीवर काय लिहायचं?" कात्रीने विचारलं.

"पाटी नको."

"बरं."

त्या 'बरं'चा मला असा चटका बसला की दुसऱ्या दिवशी मीच फोन करून मजकूर सांगितला. पूर्ण नाव, पदवी, तीन पुरस्कार, आणि खाली स्वरचित दोन ओळी:

गोठो येथे काळ, न गोठो जिज्ञासा;
माजी विद्यार्थ्याची एवढीच आशा.

एवढं सगळं मावायचं म्हणून पाटी जेवणाच्या मोठ्या ताटाएवढी झाली. दारावर ती बसेना, कारण तिथे कडी आणि तापमानाचा आकडा. दाराच्या खाली मात्र एक रुंद जाळी होती. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "इथून हा हवा घेतो." कात्री म्हणाला, "फोटोत इथेच नीट येईल." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "माझ्या नावाने आजवर कोणी गुदमरलेलं नाही." हशा झाला. चार स्क्रू बसले.

काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. "सर, यंत्र फार तापतंय. पाटी शेजारच्या भिंतीवर घेतली तर चालेल का?"

मी रविवारचा लेख संपवत होतो, भरात होतो. म्हणालो, "बाई, पाटी हलली की देणगीदारही हलतो."

त्या हसल्या. मीही हसलो. फोन ठेवला.

तो विनोद होता, असं मी गेले काही महिने स्वतःला सांगतो आहे. शपथेवर सांगायची वेळ आली तर सांगता येणार नाही, आणि हा दस्तऐवज जवळजवळ शपथेवरच आहे. विभागात पोचेपर्यंत त्या विनोदाची अट झाली. संघाच्या कार्यालयात पोचेपर्यंत नियम झाला: देणगीदाराच्या लेखी संमतीवाचून कोणतीही पाटी हलवू नये. संमती मागायला कोणी आलं नाही. पुढच्या वर्षी सूक्ष्मदर्शक हवा होता, आणि माझं मन कोण दुखावणार?

त्या फ्रीजरमध्ये एका संशोधक विद्यार्थिनीचे चार वर्षांचे नमुने होते. विभागात तिला सगळे बेडूकवाली म्हणतात. ती स्वतःही तेच म्हणते, म्हणून इथे तेच लिहितो. डोंगरातल्या ओढ्यांवर बेडकांच्या कातडीला एक बुरशी लागते आणि ओढेच्या ओढे गप्प होतात. ती कोणत्या ओढ्यावर कधी आली, कोणते बेडूक तगले आणि त्यांच्या कातडीवर असं काय होतं, हे ती शोधत होती. कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, बेडूक पकडायचा, कापसाच्या बोळ्याने त्याची पाठ पुसायची, बेडूक सोडून द्यायचा, बोळा नळीत, नळी बर्फात, आणि तशीच माझ्या फ्रीजरपर्यंत. यंत्र तापतंय हे तिला सगळ्यात आधी कळलं. तिने आपल्या खोलीतला टेबल पंखा आणून पाटीसमोर ठेवला, कडेच्या फटीतून जेवढी हवा जाईल तेवढी जावी म्हणून. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती ओढ्यांवर गेली असताना पंखा जळाला. मग यंत्र बंद पडलं. त्याची धोक्याची घंटा कुलूपबंद इमारतीत वाजत राहिली. ती परतली तेव्हा दाराखालून पाणी वाहून सुकलंही होतं.

मला कोणी कळवलं नाही. यंत्र दुरुस्त करायला आलेल्या माणसाने पाटी काढली होती. मेळावा जवळ आला म्हणून विभागाने ती घासूनपुसून परत त्याच जागी बसवली.

मेळाव्यात मी बेडूकवालीचं नाव पुकारलं. "आता येताहेत माझ्या फ्रीजरच्या भाडेकरू!" ती आली. कात्रीच्या भाषणाची घडी घातली आणि म्हणाली, "फ्रीजरबद्दल आभार. आतलं काही उरलेलं नाही. पाटी चांगल्या स्थितीत आहे." आणि उतरली.

सभागृह गोंधळलं. लोक माझ्याकडे बघत होते: हे तुमच्या दोघांचं ठरलेलं आहे का? त्या क्षणी मला गप्प राहता आलं असतं. निदान 'काय झालं?' असं विचारता आलं असतं. मी म्हणालो, "बघा! शेवटी नावच टिकतं!"

अकरा वर्षांतला सगळ्यात मोठा हशा. पुढच्या रांगेतले एक उद्योगपती डोळे पुसत होते. टाळ्या चालू असताना मी तिच्याकडे पाहिलं. ती खुर्चीत वाकून चपलेचा बंद नीट करत होती, आणि बंद नीट झाल्यावरही वाकूनच राहिली.

मी आजवर पुष्कळांची टोपी उडवली. त्यातल्या कोणालाही मी असं, सगळं वाहून जाऊन पाणी सुकल्यावर गाठलं नव्हतं.

कलम ६. सदर पितळी पाटी मोडीत काढावी.

ती माझ्याकडे आहे. मेळावा संपल्यावर मी जाकिटासकट विभागात गेलो आणि बाईंना विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं, सर. तुम्ही विनोद केलात. आम्ही हसलो."

"मग पुन्हा सांगायचं!"

"पुन्हा विनोद केला असतात तर?" बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि स्क्रू काढायचं हत्यार माझ्यापुढे ठेवलं. ते वरच होतं. बरेच दिवस हाताशी असावं.

स्क्रू मी काढले, जमिनीवर बसून. जाळीवर धुळीचा थर बसला होता, घोंगडीसारखा. तो मी हाताने ओढून काढला तेव्हा यंत्राचा आवाज बदलला, एकदम हलका झाला. एवढंच करायचं होतं. पाटी मोडीत काढताना आधी अक्षरं ठोकून सपाट करावीत. त्या दोन ओळी कोणी वाचता कामा नयेत. वृत्तातही बसत नाहीत.

कलम ७. माझी सर्व शिल्लक, ठेवी आणि पुस्तकांचे पुढील मानधन यांतून पत्नीच्या हयातभराची सोय वगळून राहील ते प्राणिशास्त्र विभागास मिळावे, संघास नव्हे. त्याचा विनियोग फक्त ज्यावर पाटी बसत नाही अशाच गोष्टींवर व्हावा: विजेचे बिल, यंत्रांची देखभाल, जाळ्या साफ करणाऱ्या माणसाचा पगार, सुट्टीतही घंटा ऐकायला कोणीतरी असणे, फ्रीजर बंद पडला तर नमुने हलवायला दुसरा रिकामा फ्रीजर, आणि ज्या विद्यार्थ्यांचे काम अर्ध्यावर अडले आहे त्यांची ओढ्यावर, रानात, जिथे असेल तिथे जाण्याची व्यवस्था. कोणाला द्यायचे ते विभागाने अर्ज बघून ठरवावे. अर्जदाराने स्वतःच्या गरिबीचे वर्णन करू नये. केल्यास ते परिच्छेद न वाचता पुढे जावे.

रिकाम्या फ्रीजरची अट माझी नाही. या कलमाची भाषा बरोबर आहे ना, ते बघायला मी बेडूकवालीला वकिलांकडे बोलावलं होतं. 'उत्तम प्रतीचा फ्रीजर' असं मी लिहिलं होतं. तिने ते खोडलं आणि म्हणाली, "उत्तम एक नको. साधे दोन."

माझे नाव कोठेही लागू नये, छापू नये, मंचावरून घेऊ नये. या देणगीप्रीत्यर्थ समारंभ केल्यास त्याच दिवशी उरलेली सर्व रक्कम माझ्या मेहुण्यास मिळेल. मेहुण्याला विभाग ओळखतो. तो एकदा भाषण करायला आला होता. समारंभ होणार नाही.

कलम ८. सदर विद्यार्थिनीस तिचे संशोधन पूर्ण होईपर्यंत, मग त्यास कितीही वर्षे लागोत, निर्वाह आणि प्रवासाचा सर्व खर्च माझ्या मालमत्तेतून स्वतंत्रपणे आणि विनाअट मिळावा.

पाटी काढल्याच्या दुसऱ्या आठवड्यात हे मी तिला तोंडी सांगून पाहिलं होतं. प्रयोगशाळेच्या जिन्यात उभे होतो. विद्यापीठाने तिला मुदतवाढ दिली होती, पण शिष्यवृत्ती संपली होती.

"नमुने पुन्हा घेता येतील की," मी म्हणालो. "सगळा खर्च माझा."

"काहींचे येतील. दोन ओढ्यांवर आता बेडूकच नाहीत, सर."

मी पुन्हा म्हणालो, खर्च माझा.

"मंचावर काय बोलावं लागेल?"

"काही नाही. अगदी काही नाही."

"काही बोलायचं नसलं की जास्त त्रास होतो," ती म्हणाली. "लोक वाट बघत बसतात." आणि पुस्तकं सावरत जिना चढून गेली.

म्हणून हे कलम मृत्युपत्रात घातलं. मेलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं, असा माझा अंदाज होता. शस्त्रक्रियेतून वाचलो तर तिला हे कधी कळणार नव्हतं, आणि गेलो तर माझं ओझं उतरलेलं असणार होतं. मी अजून पाटीच बसवत होतो, फक्त दिसणार नाही अशा जागी. हे मला कलम लिहिताना कळलं नाही. खालचा शेरा लिहिताना कळतं आहे.

शेरा. (कलम ८ चा शेवटचा परिच्छेद सोडून वरील मजकूर टंकलिखित आहे. तो परिच्छेद आणि हा शेरा मी सह्यांआधी, सर्वांसमक्ष, वकिलांच्या सांगण्यावरून स्वहस्ते लिहितो.)

आज सह्यांसाठी दोन साक्षीदार हवे होते. दातांचे डॉक्टर वेळेवर आले. दुसरा साक्षीदार कात्री होता; त्यासाठी जाकिटावर आणि पेटीवर त्याने आनंदाने पाणी सोडलं होतं. त्याने खालच्या रस्त्यावरून फोन केला, कलम १ त्याच्या कानावर गेलं होतं. "माझ्या कार्यालयातला चहा काढलास तू मृत्युपत्रात?" असं म्हणून तो परत गेला. बेडूकवाली दुरुस्त केलेलं कलम ७ पुन्हा तपासायला आली होती आणि समोर कागद होता, म्हणून तिने तो शेवटपर्यंत वाचला. कलम ८ सुद्धा. वाचून झाल्यावर तिने पेन मागितलं.

"साक्षीला कारकुनाला बोलावतो," वकील म्हणाले. "तुम्ही सही करून चालणार नाही, ताई. कलम आठ तुमच्या नावे आहे. ज्याला काही मिळायचंय त्याने साक्षीदार म्हणून सही केली, की त्याचं मिळणं बाद होतं. बाकीचं मृत्युपत्र शाबूत राहतं, पण तुमचं गेलं म्हणून समजा."

"फक्त माझंच ना? कलम सात राहतं?"

"राहतं."

"मग द्या पेन."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुला नको असेल तर मी कलम खोडतो. तू सही कशाला करतेस?"

"खोडू नका, सर. खोडलंत तर तुम्ही काढून घेतलंत असं होईल. तुम्ही दिलंत आणि मी घेतलं नाही, असं दिसू दे."

"अगं, पण तुझं काम?"

"सोमवारी निघते आहे. जिथे बेडूक आहेत तिथे. विभागाकडे अर्ज केलाय, सगळे करतात तसा."

"मंजूर झाला नाही तर?"

"तर नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही शुक्रवारी बरे व्हा. कलम सात मेल्यावरच सुरू करावं असं कुठे आहे?"

डॉक्टर खोकले. वकील चष्मा पुसायला लागले. माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. चांगलं होतं, तिघेही हसले असते. मी ते बोललो नाही आणि इथेही लिहीत नाही.

तिच्या सहीमुळे कलम ८ निष्फळ होत असून त्यातील रक्कम कलम ७ मध्ये मिळवावी. कलम ७ ची व्यवस्था मी उद्या सकाळपासून, हयातीतच, सुरू करत आहे. तशी सूचना वकिलांना दिली आहे.

ठिकाण: वकिलांचे कार्यालय, दुसरा मजला, मागची खोली.
तारीख: शस्त्रक्रियेआधीचा मंगळवार, दुपारी.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) दंतवैद्य. मृत्युपत्र करणाऱ्याशी संबंध: शेजारी. मृत्युपत्रातून लाभ: नाही.

साक्षीदार दुसरी: (सही) संशोधक विद्यार्थिनी, प्राणिशास्त्र विभाग. मृत्युपत्र करणाऱ्याशी संबंध: नाही. मृत्युपत्रातून लाभ: नाही.